सेतू म्हणजे नेमके काय? : पंचगंगेच्या काठावरून

मराठीच्या वर्गात ज्या प्रतिमांची झीज सर्वाधिक झाली आहे, त्यांत 'सेतू' या प्रतिमेचा क्रमांक बराच वरचा लागावा. अनुवाद हा दोन भाषांमधला सेतू, साहित्य हा दोन मनांमधला सेतू, संतकाव्य हा लोक आणि वेद यांच्यामधला सेतू, अशी विधाने उत्तरपत्रिकांत आम्ही वर्षानुवर्षे तपासत आलो आहोत. खरे सांगायचे तर ती शिकवतही आलो आहोत. काही दिवसांपूर्वी एम.ए.च्या वर्गात एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, पूल दोन काठ जोडतो म्हणजे नेमके काय करतो?" प्रश्न भाबडा वाटला, पण उत्तर देता येईना. कोल्हापुरात राहून, शिवाजी पुलावरून शेकडो वेळा जाऊन-येऊन, पूल उभा कसा राहतो हे आम्ही कधी पाहिले नव्हते. प्रस्तुत लेख हा त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे. आम्ही अभियंते नाही, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. तरीही ज्या वस्तूवरून आपण रूपके उभारतो, ती वस्तू एकदा नीट पाहणे हे साहित्याच्या अभ्यासकाचेही काम आहे, असे आम्हांस वाटते.

आरंभ शब्दांपासून करू. 'पूल' हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. 'सेतु' हा संस्कृत शब्द 'सि' म्हणजे बांधणे या धातूपासून झाला आहे. गंमत अशी की जुन्या संस्कृतात सेतू म्हणजे पूल तर होयच, पण बांधही होय. शेताचा बांध, पाण्याचा बांध, सीमेचा बांध. छांदोग्य उपनिषदात आत्म्याला सेतू म्हटले आहे ते हे लोक एकमेकांत मिसळून जाऊ नयेत म्हणून त्यांना धरून ठेवणारा, वेगळे राखणारा या अर्थाने. आणि त्याच ठिकाणी तो ओलांडण्याचीही भाषा आहे. जोडणारा आणि अडवणारा, असे दोन्ही अर्थ एकाच शब्दाच्या पोटात नांदत होते. आपण त्यातला एक तेवढा उचलला आणि दुसरा विसरलो. मराठीतला तिसरा शब्द 'साकव'. तो 'संक्रम' या संस्कृत शब्दाचे प्राकृतातून घासत आलेले रूप. कोकणात आणि घाटमाथ्यावर ओढ्यावर टाकलेल्या लाकडी किंवा दगडी पायवाटेला आजही साकव म्हणतात. कोकणीत तोच 'सांकव' होतो. या शब्दात बांधण्याची कल्पना नाही, नुसते ओलांडणे आहे.

मराठीच्या पूर्वजभाषेचा, महाराष्ट्री प्राकृताचा, या विषयाशी आणखी एक जुना संबंध आहे. त्या भाषेतले अत्यंत प्रतिष्ठित महाकाव्य 'सेतुबंध' हे पूल बांधण्याच्या प्रसंगाभोवती रचलेले आहे, आणि परंपरेने ते विदर्भाच्या वाकाटक घराण्यातील प्रवरसेन राजाच्या नावावर आहे. तेव्हा मराठी वाङ्मयाच्या इतिहासाच्या पहिल्या प्रकरणातच एक पूल उभा आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

काव्यात पूल असला तरी प्रत्यक्ष नद्यांवर तो नव्हता. महाराष्ट्राचा बराचसा इतिहास हा पुलाविना घडलेला इतिहास आहे. नदीला 'उतार' मिळणे, म्हणजे ती पायी ओलांडण्याजोगी होणे, ही मोठी राजकीय घटना असे. पावसाळ्यात फौजा छावणीला बसत आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून बाहेर पडत, यामागे धर्मविधीइतकाच नद्यांचा उतार होता. कोल्हापूरच्या दसरा चौकात आजही सीमोल्लंघनाचा सोहळा थाटात होतो. पाणी ओसरून वाटा मोकळ्या होण्याचा तो काळ असतो, हे मात्र आपल्या मनातून गेले आहे. १७६० च्या पावसाळ्यात यमुना भरून वाहत होती आणि भाऊसाहेबांच्या फौजेला ती ओलांडता आली नाही. ऑक्टोबरात अब्दालीने बागपतजवळ ती ओलांडली, आणि पुढे पानिपतावर काय झाले ते सर्वश्रुत आहे. पुण्याचा लकडी पूल पानिपतानंतर, १७६१ साली बांधला गेल्याचे सांगतात. तो आता लकडी राहिलेला नाही, पण नाव टिकून आहे. भाषा ही वस्तूपेक्षा चिवट असते, याचा तो एक पुरावा.

कोल्हापूर हे नद्यांनी वेढलेले शहर. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि लोकश्रद्धेतली गुप्त सरस्वती यांच्या संगमातून प्रयाग चिखलीजवळ पंचगंगा होते आणि नृसिंहवाडीला कृष्णेस मिळते. शहराच्या वायव्येस, ब्रह्मपुरीच्या टेकडीला लागून, शिवाजी पूल आहे. पन्हाळा, जोतिबा आणि पुढे रत्नागिरीकडे जाणारी वाट याच पुलावरून जाते. एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकात बांधलेला हा दगडी कमानींचा पूल. घाटावर उतरून पाण्याच्या पातळीवरून तो पाहावा. वरून जाताना जो निव्वळ रस्ता असतो, तो खालून पाहिल्यावर इमारत होतो.

पुलाचे अवयव तेथून एकेक ओळखता येतात. सर्वांत खाली, दिसत नाही तो पाया. नदीच्या गाळातून खाली, शक्यतो कातळापर्यंत नेलेला. त्यावर दगडी खांब. प्रवाह ज्या दिशेने येतो त्या बाजूला खांबांना टोक देण्याची जुनी रीत आहे, म्हणजे पाणी आदळण्याऐवजी चिरले जाते आणि वाहत आलेली झाडेझुडपे अडकत नाहीत. दोन खांबांमधली मोकळी जागा म्हणजे गाळा. गाळ्यावर कमान, कमानीच्या पाठीवर भर, भरावर रस्ता आणि रस्त्याच्या दोन्ही कडांना कठडा. दोन्ही टोकांना, काठावर, एक अवजड बांधकाम असते. इंजिनिअर त्याला अबटमेंट म्हणतात. त्याच्या मागे रस्ता पुलाच्या उंचीवर आणण्यासाठी मातीचा भराव असतो. हे शेवटचे दोन अवयव प्रवाशाच्या नजरेस कधी पडत नाहीत, पण पुढच्या कथेत त्यांचेच महत्त्व अधिक आहे.

कमान उभी कशी राहते? दगडाचा स्वभाव असा की तो दाब कितीही सोसतो, ताण मात्र सोसत नाही. दगडाची लांब पट्टी दोन आधारांवर ठेवली तर तिची वरची बाजू दाबली जाते आणि खालची ताणली जाते. फार लांबी झाली की ती खालून तडकते. म्हणून दगडी तुळईचा गाळा लहानच राहतो. कमानीत प्रत्येक दगड पाचरीसारखा घडलेला असतो. वरचा भार त्याला खाली ढकलतो, पण पाचरीमुळे तो शेजारच्या दगडावर रेलतो, तो त्याच्या शेजारच्यावर, आणि अशा रीतीने सारा भार दाबाच्या रूपाने वळत वळत खांबांत आणि काठांत उतरतो. ताण कोठेच उरत नाही. बांधताना खाली लाकडी साचा असतो. अखेरचा दगड बसला की साचा काढता येतो. या अखेरच्या, माथ्यावरच्या दगडाला आपण फार मान देतो. पण तो इतरांहून अधिक काम करतो असे नाही. कोणताही एक दगड निखळला तरी कमान धोक्यात येते. माथ्याचा दगड फक्त शेवटी बसतो, म्हणून त्याची आठवण राहते. वाङ्मयेतिहासात एखाद्या ग्रंथाला युगप्रवर्तक म्हणताना हा हिशेब ध्यानी ठेवण्याजोगा आहे.

येथे त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे पहिले उत्तर मिळते. कमानीचा पूल काठांना जवळ ओढत नाही. तो काठांना बाहेर ढकलतो. कमान सतत पसरू पाहते आणि काठ तिला सतत अडवतात. या परस्परविरोधी रेट्यातून पूल स्थिर होतो. म्हणजे ज्याला आपण जोडणे म्हणतो, ते आतून पाहता एकमेकांना तोलून धरणे आहे. अनुवादाला सेतू म्हणायचे तर या अर्थाने म्हणावे. दोन भाषा एकमेकींना रेटतात, कोणीच हटत नाही, आणि म्हणून मधून वाट होते.

पुढे लोखंड आणि पोलाद आले, तेव्हा ताण सोसणारी वस्तू माणसाच्या हाती आली. पुलांचे प्रकार वाढले ते त्यानंतर. काँक्रीट दगडासारखेच दाबाला बळकट, ताणाला दुबळे. तुळईच्या खालच्या बाजूला पोलादी सळ्या घातल्या की ते उणेपण भरून निघते. त्याही पुढे जाऊन तारा आधीच ताणून काँक्रीटला दाबात ठेवण्याची युक्ती निघाली. तिसरा प्रकार टांगत्या पुलाचा. तेथे सारा भार तारांच्या ताणावर. मोठ्या दोरावरून उभ्या तारांनी रस्ता टांगला की झुलता पूल होतो. मनोऱ्यावरून तिरप्या तारा थेट रस्त्याला नेल्या की दुसरा प्रकार होतो. २००९ साली खुल्या झालेल्या वांद्रे-वरळी सागरी सेतूचे मोठे गाळे या दुसऱ्या प्रकारचे आहेत. थोडक्यात, कमान दाबावर जगते, दोर ताणावर जगतो, आणि तुळई दोन्ही एकाच अंगात वागवते. पुलाचे बाकीचे बरेच प्रकार या तिघांच्या मिश्रणातून येतात.

या तिरप्या तारांच्या पुलाशी कोल्हापूरचे एक अनपेक्षित नाते आहे. कोल्हापूरचे तरुण छत्रपती राजाराम महाराज युरोपच्या प्रवासावरून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी इटलीत फ्लॉरेन्स येथे वारले. वय अवघे वीस. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांचे दहन झाले आणि तेथे १८७४ साली त्यांचे स्मारक उभे राहिले. पुढे शंभर वर्षांनी, १९७० च्या दशकात, त्या स्मारकाजवळ आर्नो नदीवर तिरप्या तारांचा एक पोलादी पूल बांधण्यात आला. दोनशे मीटरांहून मोठा गाळा असलेल्या या पुलाचे नाव 'पोंते आल् इंदियानो', म्हणजे 'त्या हिंदी माणसाजवळचा पूल'. त्या वाटेने रोज जाणाऱ्या किती जणांना तो हिंदी माणूस कोण हे ठाऊक असेल? महाराज गेले त्याच दशकात त्यांच्या राजधानीत पंचगंगेवर दगडी पूल उभा राहत होता. दोन संगमांची ही दोन शहरे, एकीकडे दाबावर उभा असलेला पूल आणि दुसरीकडे ताणावर.

आता या भूमीने स्वतः दिलेल्या रचनेकडे येऊ. ती म्हणजे कोल्हापुरी बंधारा. नदीच्या पात्रात ठराविक अंतरावर खांब, खांबांच्या अंगात उभ्या खाचा, आणि त्या खाचांत आडव्या बसवायच्या फळ्या. त्यांना आपल्याकडे बरगे म्हणतात. पावसाळा सरला की बरगे घालून पाणी अडवायचे, आणि नवा पावसाळा तोंडावर आला की ते काढून नदीला वाट मोकळी करून द्यायची. खांबांवरून गावकऱ्यांची, बैलगाड्यांची ये-जा होते. म्हणजे हा बांधही आहे आणि पूलही. संस्कृत 'सेतु' शब्दाने जे दोन अर्थ एकत्र धरले होते, ते या मातीत दगडाच्या रूपाने एकत्र आले. आणि पूर आला की ही रचना पाण्याखाली जाते, जाण्यासाठीच ती बांधलेली असते. राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ हे बंधारे पाण्याखाली गेल्याची बातमी आम्ही लहानपणापासून दर पावसाळ्यात वाचत आलो. त्या नावांच्या माळेला आमच्या कानी जवळजवळ पाठांतराची लय आहे. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची पातळी मोजतात. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोक्याची. सांगलीत हेच काम १९२९ सालचा आयर्विन पूल करतो. आपल्याकडे पूल हा नदी ओलांडण्याचे साधन असतो तसा नदी वाचण्याचेही.

२०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी राजाराम बंधाऱ्यापाशी पाणी ५५ फुटांच्या पलीकडे गेले. २०१९ च्या ऑगस्टात शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग कित्येक दिवस पाण्याखाली होता. त्यानंतर जी चर्चा झाली तीत पुलांच्या गाळ्यांइतकाच भरावांचा उल्लेख होता. पूल नदीच्या पात्रापुरता मोकळा असतो. त्याच्या दोन्ही बाजूंचा भराव मात्र पूरक्षेत्रात भिंतीसारखा आडवा पडतो. पात्राबाहेर पसरू पाहणाऱ्या पाण्याला तो अडवतो. उंच, सुरक्षित, कधीही न बुडणारा रस्ता हवा ही मागणी रास्तच. पण एका गावाचा न बुडणारा रस्ता वरच्या गावाच्या घरात पाणी आणू शकतो. 'सेतू' शब्दाचा विसरलेला अर्थ असा पुराच्या रूपाने परत येतो. गाळे वाढवावेत, भरावाऐवजी खांबांवरून रस्ता न्यावा, हे उपाय खर्चिक आहेत. पण खर्च टाळला म्हणजे तो नाहीसा होत नाही, तो दुसऱ्या कोणाच्या तरी उंबऱ्यावर जाऊन बसतो.

पूल कोसळतात तेव्हा बहुधा त्यांचे न दिसणारे अवयव आधी गेलेले असतात. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात वाहून गेला आणि दोन एस.टी. बसगाड्यांसह अनेक माणसे गेली. गोव्यात मांडवीवरचा पूल १९८६ च्या जुलैत कोसळला तो अवघ्या दीड दशकाचा होता. काँक्रीटच्या आतल्या ताणलेल्या तारा गंजल्या होत्या. म्हणजे जुना तो धोक्याचा आणि नवा तो भक्कम, असे सरळ समीकरण मांडता येत नाही. २०२५ च्या जूनमध्ये मावळातल्या कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीखाली पडला आणि चौघे दगावले. पुलाचे आयुष्य वयावर नव्हे तर देखभालीवर आणि त्याच्यावर आपण किती भार टाकतो यावर ठरते. ग्रंथांचेही असेच असते म्हणावे, तर ग्रंथ पडल्याने माणसे मरत नाहीत. उपमा कोठे थांबवावी हेही कळले पाहिजे.

आणि शेवटी जिथून निघालो त्या शिवाजी पुलाकडे. २६ जानेवारी २०१८ च्या रात्री गणपतीपुळ्याहून परतणाऱ्या कुटुंबांची एक मिनीबस या पुलाचा कठडा तोडून पंचगंगेत कोसळली. तेरा जण दगावले. कमानींना काही झाले नव्हते. पाया, खांब, गाळे सारे जागच्या जागी होते. तुटला तो कठडा, पुलाचा सर्वांत हलका अवयव, जो भार वाहत नाही, फक्त माणसाला आत ठेवतो. शेजारीच पर्यायी पूल बराचसा बांधून झालेला, पण अपुरा उभा होता. त्याचे काम थांबले होते, कारण ब्रह्मपुरीची टेकडी हे संरक्षित पुरातन स्थळ आहे आणि २०१० च्या दुरुस्तीनंतरच्या कायद्याने अशा स्थळापासून शंभर मीटरांच्या आत नव्या बांधकामास मनाई आहे.

या ब्रह्मपुरीत १९४५-४६ साली हसमुख सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी उत्खनन केले. सातवाहनकालीन वस्तीचे अवशेष मिळाले. रोमशी असलेल्या व्यापाराच्या खुणा मिळाल्या. समुद्रदेव पोसायडनची ब्राँझची छोटी मूर्ती याच टेकडीने दिली. दोन हजार वर्षांपूर्वी सह्याद्री आणि नद्या ओलांडून, एकही पूल नसताना, समुद्रदेव येथवर पोहोचला होता. अशा टेकडीला कायद्याचे संरक्षण हवेच. इतिहासाच्या अभ्यासकांनी तसे संरक्षण मागितले होते, आणि आम्ही त्यांच्याच पंगतीत बसणारे आहोत. म्हणूनच २०१८ च्या त्या रात्रीनंतर आम्हांला नुसते हळहळून मोकळे होता आले नाही. भूतकाळ जपणाऱ्या नियमाने वर्तमानाची वाट रोखून धरली, आणि टेकडी व पूल या दोघांचाही विचार एकत्र करणारी जागा व्यवस्थेत वेळेवर सापडली नाही. दोष कोणा एकाच्या पदरी टाकणे सोपे आहे. पण वारसा जपा म्हणणारे आम्ही सारे त्या मनाईच्या मागे कोठेतरी उभे होतो, हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. पुढे अडथळा दूर झाला, काम पुरे झाले आणि नवा पूल वाहतुकीला खुला झाला. तेरा माणसे त्याआधी गेली होती.

आज दोन्ही पूल शेजारी शेजारी उभे आहेत. एक दगडी कमानींचा, दुसरा काँक्रीटच्या तुळयांचा. नव्या पुलावर ठराविक अंतरावर आडव्या फटी लागतात आणि वाहन किंचित दचकते. उन्हाने पूल वाढतो, थंडीने आक्रसतो, म्हणून ही मोकळीक मुद्दाम ठेवावी लागते. सारे घट्ट जोडले तर पूल तडकतो. विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे दुसरे उत्तर या फटीत आहे. जोडणाऱ्याला स्वतःच्या अंगात थोडी जागा मोकळी सोडावी लागते.

पुढच्या सत्रात हा वर्ग आम्ही घाटावर घेणार आहोत. 'सेतू' हा शब्द उत्तरपत्रिकेत लिहिण्याआधी प्रत्येकाने पुलाखाली एकदा उभे राहावे, एवढीच अट घातली आहे. ती शिक्षकांनाही लागू आहे.